करपा कोणता?

दिवाळीच्या तोंडावर भाजणीवरून खटका उडाला नाही, असे आमच्या घरी एकही वर्ष जात नाही. यंदाचा खटका मात्र मोबाइलमधून घरात आला. नात्यातल्या चाळीसएक बायकांनी मोबाइलवर एक गट केला आहे. माझ्या धाकट्या भावाची नवी नवरी हौसेने चकल्या करायला बसली आणि तिने त्या गटात प्रमाण विचारले. क्षणात उत्तर आले : भाजणी इतकी, पाणी इतके, मोहन इतके. तिने आमच्या सौ.ने भरून ठेवलेल्या डब्यातली भाजणी घेतली, वाटीने मोजून पाणी घातले, आणि सोऱ्यातून पडलेल्या चकलीचे कढईत तुकडे तुकडे झाले. डबा थालीपिठाच्या भाजणीचा होता! सांगणारी खोटे बोलली नव्हती, ऐकणारीने आळस केला नव्हता. दोघींच्या मध्ये 'भाजणी' हा एकच शब्द होता आणि त्याच्या आड दोन निराळी पिठे होती.

चकली मोडल्याने कोणाचे घर मोडत नाही. मुलांनी तुकडे चहात बुडवून खाल्ले आणि प्रकरण मिटले. पण हीच गोष्ट चकलीऐवजी दीड एकर कांद्याची झाली तर? ती झालेली आहे, आणि तिच्यात माझाही हात आहे. म्हणूनच ऐन फराळाच्या वेळी हा कडू घास मी वाचकांच्या ताटात वाढतो आहे. त्यांनी रागावू नये.

मी चाकणचा. दहावीपुढे माझी मजल गेली नाही. एका लहानशा खासगी शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शब्द हाच माझा दोन्हीकडचा धंदा. चाकण म्हटले, की इतिहासप्रेमी माणसाला संग्रामदुर्ग आठवतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या अफाट फौजेला पन्नासहून अधिक दिवस झुंजवले, तो हा किल्ला. नोकरी शोधणाऱ्याला मोटारींचे कारखाने आठवतात. शेतकऱ्याला मात्र चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पूर्वेकडच्या एका वाडीचा मुलगा होता. 'आमचे शेत' या विषयावर मी निबंध लिहायला सांगितला होता. त्याने लिहिले : "माघात कांद्याची पात खरडली. आजी म्हणाली, आता कांदा फुगायचा नाही." मी लाल शाईने 'पात खरडली' यावर काट मारली, वर 'पिकावर रोग पडला' असे लिहिले आणि समासात शेरा दिला : शुद्ध भाषा वापरावी! मुलगा गुणी होता. त्याने माझा शेरा आयुष्यभर पाळला.

आता तो दोन मुलांचा बाप आहे. मागच्या रब्बीत त्याच्या दीड एकर कांद्याचे शेंडे वाळू लागले. त्याने तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवरच्या गटात लिहिले : "कांद्यावर रोग पडला आहे. शेंडे करपले आहेत. औषध सांगा." तासाभरात नऊ उत्तरे आली. 'करपले' म्हणजे 'करपा', असे सर्वांनी धरून चालले होते. भीमाशंकरच्या बाजूच्या एका भातकऱ्याने भाताच्या करप्यावरचे औषध सांगितले. सातगाव पठारावरच्या एकाने बटाट्याच्या करप्यावरचे सांगितले. सगळी माणसे भली. कोणाला दमडीचा लाभ नव्हता. याने बटाटेवाल्याचे ऐकले आणि दोनदा फवारले.

आता गोम ऐका. त्याच्या कांद्यावर तेव्हा करपा नव्हताच. ते फुलकिडे होते. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा हा किडा पात खरवडतो आणि रस पितो. पातीवर पांढुरके चट्टे पडतात, मग शेंडे वाळतात. बुरशीवरच्या औषधाने किडा मरत नाही. दहा-बारा दिवस असेच गेले, आणि खरडलेल्या पातीच्या जखमांतून मग खराखुरा जांभळा करपा आत शिरला. कांदा फुगला नाही. बाजारात त्याच्या बहुतेक गोण्या गोल्टीच्या भावाने गेल्या. पट्टी खिशात घालून तो माझ्या घरी आला, चहा प्याला आणि हसत हसत म्हणाला, "सर, 'रोग पडला' लिहायचं तुम्हीच शिकवलं होतं ना? आजी असती तर म्हणाली असती, पात खरडलीया. मग कोणीतरी किड्याचं औषध सांगितलं असतं."

तो हसला. मला हसता आले नाही. त्या अडाणी म्हातारीच्या एका शब्दात रोगाचे निदान होते. कोणी काय केले, ते तिच्या क्रियापदातच होते. मी ते खोडून त्या जागी जो शब्द लिहिला, त्यात काहीही नव्हते.

आता हा 'करपा' म्हणजे आहे तरी कोण? भाताचा करपा एक बुरशी आणते. बटाट्याचा उशिरा येणारा करपा दुसराच एक जीव आणतो. १८४५ साली याच रोगाने आयर्लंडचा बटाटा कुजवला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि साथींनी मेली. कांद्याचा जांभळा करपा तिसऱ्याचे काम. शिवाय कांद्यालाच काळा आणि तपकिरी असे आणखी करपे आहेत. तिन्ही पिके आमच्या या मुलखात होतात. तिन्हींची माणसे एकाच गटात बसतात आणि एकमेकांना मनापासून सल्ला देतात. आडनाव एक म्हणून कोणालाही कोणाचा भाऊ ठरवावे, त्यातला हा प्रकार!

उलट बाजूही तितकीच खरी. एका वस्तूला दहा नावे असतात. आपली करंजी गोव्यात नेवरी होते. मिरचीची पाने आकसली, की कोणी चुरडामुरडा म्हणतो, कोणी बोकड्या म्हणतो. आज एकाने 'बोकड्या' म्हणून प्रश्न विचारला आणि त्याला नामी उत्तर मिळाले, तरी उद्या 'चुरडामुरडा' म्हणून शोधणाऱ्याला ते उत्तर सापडायचे नाही. ते गटाच्या पोटात गडप होते आणि पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच नऊ उत्तरे. ज्ञानाचा पूर आला आहे, आणि पुरातल्यासारखेच प्यायला पाणी नाही!

याला उपाय आहे आणि तो अवघड नाही. प्रत्येक नावापुढे चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवायची : हा कशाचा प्रकार? कशावर येतो? कशाने येतो? कशाने जातो? 'पात खरडणे' : किडीचा उपद्रव, कांद्यावर, लसणावर, फुलकिड्याने, किड्याच्या औषधाने. 'जांभळा करपा' : बुरशीचा रोग; कांद्यावर; अमुक बुरशीने; बुरशीच्या औषधाने; आणि पात आधी खरडली असेल तर जास्तच. अशी नावे परस्परांना बांधली, की त्यांचे एक गोत तयार होते. आपल्याला हे शिकवायला नको. इंग्रज माणूस एका 'आंट'मध्ये मावशी, आत्या, मामी, काकू या सगळ्यांना कोंबतो. आपल्याकडे प्रत्येकीचे नाव ती कोणाची कोण यावरून ठरते, आणि दिवाळीला कोणाला काय द्यायचे तेही त्यावरूनच ठरते. संगणकशास्त्रात अशा गोताला 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. शब्द तत्त्वज्ञानातला आहे. १९९३ साली टॉम ग्रुबर नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने त्याची संगणकासाठीची व्याख्या मांडली. सोप्या मराठीत सांगायचे, तर एखाद्या विषयात काय काय आहे आणि ते एकमेकांचे कोण लागते, याचा सर्वांनी मान्य केलेला, उघड लिहिलेला करार.

कोणी नाक मुरडून म्हणेल, की ही परदेशी थेरे आपल्याला कशाला हवीत? त्याने आपल्याच घरातली अडगळ उपसून पाहावी. कणादांच्या वैशेषिक दर्शनाने द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ मानले. पुढच्यांनी 'अभाव' हा सातवा घातला. पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ. आपण त्याला चिवडा-लाडवांवर आणून ठेवले, ते सोडा! अमरकोशात शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. वनौषधींचा वर्ग निराळा, सिंहादी पशूंचा निराळा, मनुष्यांचा निराळा. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, तोही दहा वर्गांत : दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग वगैरे. किल्ल्यावरच्या माणसाला किल्ल्याचे सगळे शब्द एका ठिकाणी सापडावेत, ही त्यातली दृष्टी.

पुढे आपण थोर कामे केली, पण हा धागा सुटला. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी विश्वकोश उभा केला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. या माणसांपुढे मी मस्तक नमवतो. पण त्यांची मांडणी अकारविल्हे आहे. ग्रंथातला शब्द ज्याला ठाऊक, त्याच्यासाठी तिथले दार उघडते. 'पात खरडलीया' म्हणणाऱ्या आजीला 'फुलकिडे' हा शब्द सांगणार कोण? शब्द आधी ठाऊक हवा, तर मग कोश कशाला!

आमच्याकडे कोणाला सुचले नाही, असेही नाही. २००३ साली मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कृती रामामृतम यांच्या मंडळींनी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राबरोबर 'आक्वा' नावाची सोय उभी केली. त्या इंग्रजी नावाचा अर्थच 'जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरे'. शेतकऱ्याने मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत प्रश्न विचारावा, पानाचा फोटो जोडावा आणि केंद्रातल्या तज्ज्ञांनी उत्तर द्यावे. प्रश्न आणि उत्तर दोन्ही जपून ठेवावीत, म्हणजे पुढच्याला ती शोधता येतील. शब्दावरून शोधण्याऐवजी अर्थावरून शोधता यावे, म्हणून त्याच संस्थेतल्या भाषातज्ज्ञांनी खटपट केली; मराठी शब्दांचे 'वर्डनेट' नावाचे अर्थजाळेही तिथेच विणले गेले. तिकडे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 'ॲग्रोव्होक' नावाची शब्दमांडणी १९८०च्या दशकापासून वाढवत आणली आहे. तिच्यात ४० हजारांहून अधिक कल्पना आहेत. प्रत्येक कल्पनेला एक कायमचा क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली निरनिराळ्या भाषांतली नावे. नावे बदलोत, क्रमांक बदलत नाही. विद्वानांनी आपले काम केले. आळस आमचा आहे!

आणि हा आळस चाकणच्या माणसाने करावा, याची मला विशेष लाज वाटते. आमच्या गावात येऊन पाहा. मोटारीच्या कारखान्यात क्षुल्लक नटालाही नंबर असतो. तो नट कोणत्या जोडणीचा, ती जोडणी कोणत्या दरवाज्याची, तो दरवाजा कोणत्या गाडीचा, हे सगळे झाडाच्या फांद्यांसारखे लिहिलेले असते. बिहारचा कामगार त्याला काहीही म्हणो, तामिळनाडूचा काहीही म्हणो. नंबर सांगितला की जर्मनीतल्या माणसालाही तोच नट कळतो. मग बाजारात या. कांदा गाडीतून उतरला, की व्यापाऱ्याची नजर फिरते : एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, चिंगळी, जोड कांदा. कोणीही वाद घालत नाही. त्या नावांवर भाव ठरतो, म्हणून ती पक्की आहेत.

म्हणजे पाहा : शेतकऱ्याचा माल घेताना नावे पक्की, त्याला कामावर ठेवून नट पिळायला लावताना नंबर पक्के. त्याचे पीक आजारी पडले, की मात्र सगळा मोघम कारभार! जिथे दुसऱ्याचा पैसा गुंतलेला असतो तिथे शब्दाला किंमत येते, आणि जिथे त्याचा स्वतःचा घाम गुंतलेला असतो तिथे 'करपा' म्हटले की भागते. हा अन्याय कोणी मुद्दाम केलेला नसेल. म्हणून तो अन्याय नाही, असे मी म्हणणार नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप नव्या पिढीचा. ती म्हणते, "सर, आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आली आहेत. त्यांना मराठीत विचारा, ती सांगतात. तुमच्या तक्त्यांची गरज काय?" बाळांनो, त्या यंत्राने मराठी शिकली कोठून? आपण लिहून ठेवले त्यातूनच ना? आपण तीन करप्यांचा काला करून ठेवला, तर यंत्र तोच काला वाढणार, आणि तोही अशा ऐटीत, की खाणाऱ्याला शंका येऊ नये. गटातला भातकरी निदान 'माझ्या भातावर चालले होते' एवढे तरी म्हणाला होता. आणि त्या आजीचा शब्द तर यंत्राला ठाऊकच नसणार; तो लिहिला गेला होता एकदाच, आणि त्यावर मी काट मारली होती.

दुसरा आक्षेप पंडितमंडळींचा. ते म्हणतात, "बरोबर आहे! लोकांचे हे गोंधळाचे शब्द टाकून द्या आणि आम्ही देतो ती परिभाषा वापरा." हे म्हणणे मला साफ नामंजूर आहे. राज्यव्यवहारकोशात सुमारे १४०० शब्द होते. त्यामागे प्रत्यक्ष छत्रपतींची आज्ञा होती. तरीही लोक आजवर 'कागद', 'बाजार' आणि 'जमीन' म्हणतच आहेत! त्या कोशाची मांडणी उचलण्याजोगी आहे. शब्दांच्या हद्दपारीचा हट्ट धरण्याजोगा नाही. आपल्याला एकही शब्द मारायचा नाही. 'खरडणे' राहू द्या, 'फुलकिडे' राहू द्या, शास्त्रातले लॅटिन नावही राहू द्या. तिघांना एका दाव्याने एका खुंटीला बांधा, एवढेच मागणे आहे. कोणत्याही वाटेने आला तरी माणूस त्याच दाराशी पोचला पाहिजे.

तिसरा आक्षेप शेतकऱ्यांचाच. "आम्हाला कळतं की, सर! आमच्या वाडीत सांगायला लागत नाही." खरे आहे. वाडीत सांगायला लागत नाही, कारण विचारणारा आणि सांगणारा एकाच बांधावर उभे असतात आणि पात दोघांच्या डोळ्यांपुढे असते. मोबाइलने बांध काढून टाकला आणि शब्द तेवढा ठेवला. शंभर कोसांवरच्या माणसाला तुमची पात दिसत नाही. त्याला फक्त तुमचा शब्द दिसतो. फोटो पाठवला तरी त्याखाली नाव लिहावेच लागते. म्हणून शब्दाची जबाबदारी आता वाढली आहे.

मग हे काम करणार कोण? सरकारने समिती नेमावी, असे लिहून लेख संपवण्याची आपल्याकडे रीत आहे. मी ती मोडतो. समिती शेवटी येऊ द्या. सुरुवात शाळेने करावी. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत वाड्यावाड्यांची मुले येतात आणि प्रत्येकाच्या घरी एखादी आजी असते. मुलांनी शब्द आणावेत, जसे बोलले जातात तसेच. शब्द, गाव, पीक, डोळ्यांना काय दिसते आणि एक फोटो. शास्त्रीय नाव मास्तरने ठोकून देऊ नये. मास्तरला ते कळत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. त्यासाठी चाकणहून फार दूर जावे लागत नाही. पुढेच राजगुरुनगरला कांदा-लसणाचे संशोधन संचालनालय आहे. १९९४ साली ते नाशिकला सुरू झाले आणि १९९८ साली राजगुरुनगरला आले. तिथल्या शास्त्रज्ञांनी 'भीमा शक्ती', 'भीमा किरण' अशी कांद्याच्या वाणांना आपल्याच नदीची नावे दिली आहेत. ज्यांनी वाणाला नदीचे नाव दिले, ते आजीच्या शब्दाला आपल्या तक्त्यात एक ओळ खचित देतील. वही भरली, की प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यायचा, आणि मग ती संगणकात घालणारी तरुण पोरे या औद्योगिक पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. नटाला नंबर देणारे हात करप्याला नंबर देऊ शकणार नाहीत काय?

एक अट मात्र मी निक्षून सांगतो. वहीतला कोणताही शब्द 'अशुद्ध' म्हणून खोडायचा नाही. दोन वाड्यांचे जुळले नाही, तर दोन्ही लिहायचे आणि का जुळत नाही तेही लिहायचे. करार भांडणातूनच होतो. पण भांडण कागदावर झाले पाहिजे, पिकावर नव्हे.

आमच्या शाळेपुरते मी हे काम सुरू केले आहे. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून प्रत्येक मुलाने घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून दहा शब्द आणायचे आहेत, चार प्रश्नांच्या उत्तरांसकट. वहीचे पहिले पान मी स्वतः लिहिले : 'पात खरडणे'. सांगणारी कोण, या रकान्यात त्या मुलाच्या आजीचे नाव घातले. ती हयात नाही. तिचा नातू पान पाहून गेला आणि त्याने आणखी दोन शब्द सांगितले, तेही लिहिले.

वाचकहो, तुमच्या घरीही या चार दिवसांत माणसे जमतील, मोबाइल वाजतील, सल्ल्यांची देवघेव होईल. होऊ द्या; चांगली गोष्ट आहे. फक्त कोणी भाजणीचे प्रमाण सांगितले, तर भाजणी कोणती ते आधी विचारा. आणि गावाकडून एखाद्याने लिहिले, की पिकावर करपा आलाय, तर औषधाचे नाव लिहिण्यापूर्वी त्याला एवढेच विचारा : बाबा रे, करपा कोणता?